आधी कान, मग पाटी

जूनच्या पहिल्या आठवड्यात बालवाडीचं दार उघडलं की निम्मी मुलं रडत असतात आणि उरलेली गप्प असतात. त्याच आठवड्यात दाराशी रेंगाळलेली एखादी आई हळूच विचारते, "टीचर, अ-आ-इ कधी सुरू करणार?" नवी शिक्षिका गडबडते आणि दुसऱ्या दिवशी पाट्या वाटते. मीही वाटल्या होत्या.

गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीकडच्या बालवाड्यांत मी बरीच वर्षं काढली. पहिल्याच वर्षी डिसेंबरच्या स्नेहसंमेलनापर्यंत मुलांकडून अठरा गाणी पाठ करून घेतली. मुलं हातवाऱ्यांसकट म्हणायची आणि पालक खूश व्हायचे. एका गाण्यात "पानोपानी" असा शब्द होता. एक मुलगा दर वेळी त्या जागी पाणी पिण्याची खूण करायचा. एकदा त्याला जवळ घेऊन विचारलं तर म्हणाला, "टीचर, पाणी ना!" वर्षभर तो "पाणी पाणी" म्हणत होता आणि मला ऐकूच आलं नव्हतं. चूक त्याची नव्हती. 'पानोपानी' म्हणजे काय हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं, आणि न व ण वेगळे ऐकू येण्यासाठी त्याच्या कानाला काही करायलाही दिलं नव्हतं.

त्यानंतर मी गाण्यांची संख्या मोजणं सोडलं. गाणं पाठ झालं की नाही यापेक्षा त्यात मुलाला काय ऐकू आलं, ते बघायला लागले. पुढे लिहिलंय ते नव्या अंगणवाडी सेविकांसाठी, बालवाडीच्या शिक्षिकांसाठी आणि घरी तीन ते सहा वर्षांचं मूल असलेल्या आई-बाबांसाठी. गळा गोड असायची अट नाही.

कानापासून का सुरुवात करायची

वाचायला शिकणं म्हणजे बोललेल्या शब्दाचे तुकडे करून ते खुणांशी जोडणं. तुकडे ऐकूच येत नसतील तर खुणा कशाला जोडणार? १९७४ साली इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मुलांना लाकडी काडीने ठोके मारून शब्दांचे तुकडे मोजायला लावले. चार वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना 'ना-रळ' असे उच्चाराचे मोठे तुकडे मोजता आले. 'न्-आ-र्' असे सुटे ध्वनी मात्र एकालाही मोजता आले नाहीत. सहाव्या वर्षी बहुतेकांना दोन्ही जमू लागलं होतं. म्हणजे मोठे तुकडे आधी, बारीक ध्वनी नंतर. कन्नड शिकणाऱ्या मुलांवर सोनाली नाग यांनी केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यातही मुलांना अक्षराच्या मापाचे तुकडे लवकर कळले आणि सुट्या ध्वनींची जाण त्या मानाने फार हळू आली. आपली देवनागरीही कन्नडसारखीच अक्षरांची लिपी आहे, म्हणून हा अभ्यास मला इंग्रजीवरच्या अभ्यासांपेक्षा जवळचा वाटतो.

यातून क्रम सरळ लागतो. आधी नुसतं ऐकणं, मग गाण्यातले शब्द, मग टाळ्यांनी शब्दाचे तुकडे, मग यमक आणि सगळ्यात शेवटी शब्दाचा पहिला आवाज. वर्षभरात एवढं पुरतं. एका पायरीवर दोन महिने गेले तरी चालतं.

पहिलं पाऊल: डोळे मिटून ऐकणं

गोव्यात यासाठी विकत काही आणावं लागत नाही. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा पोंय-पोंय भोंगा येतो. मासे घेऊन आलेली गाडी हॉर्न वाजवते. कौलांवर पडणारा पाऊस आणि पत्र्यावर पडणारा पाऊस यांचा आवाज वेगळा असतो, आणि हा फरक तीन वर्षांच्या मुलालाही कळतो. देवळातली घंटा, चर्चची घंटा, धक्क्याला लागणारी फेरीबोट, माडावरून पडलेलं झावळ, पावसाळ्यात रात्री शेतातून येणारे बेडूक.

मुलांना गोल बसवा. डोळे मिटायला सांगा आणि मनात वीसपर्यंत आकडे मोजा. मग विचारा, "काय काय ऐकलं?" पहिल्या दिवशी उत्तर येतं "काही नाही" किंवा "टीचर, ह्यानं मला ढकललं". चौथ्या-पाचव्या दिवशी कोणीतरी "पंखा" म्हणतं, आणि तिथून खेळ सुरू होतो.

आठवड्याभराने पडदा घ्या. पडद्याच्या दोन्ही बाजू दोन मुलांनी धरायच्या आणि मागे तुम्ही आवाज काढायचा: वाटीवर चमचा, सुपात तांदूळ, कागद फाडणं, दोन करवंट्या एकमेकींवर. करवंटीच्या आवाजाला मुलं "घोडो!" किंवा "घोडा!" म्हणून ओरडतात. नंतर एकाऐवजी दोन आवाज काढा आणि विचारा, "आधी कुठला, मग कुठला?" आवाजांचा क्रम लक्षात ठेवायचा हा सराव पुढे शब्दातल्या अक्षरांचा क्रम लक्षात ठेवायला उपयोगी पडतो.

एक काळजी घ्या. खुळखुळ्यासाठी डब्यात बिया भरताना काजूच्या कच्च्या बिया कधीही वापरू नका. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, आणि हंगामात त्या दारातच पडलेल्या असल्यामुळे हात सहज तिकडे जातो. मूग किंवा चिंचोके घ्या आणि झाकण चिकटपट्टीने पक्कं बंद करा. लहान मूल बी नाकात किंवा तोंडात घालतं.

दुसरं पाऊल: एक गाणं, एक आठवडा

नव्या शिक्षिकेला वाटतं की मुलं कंटाळतील. कंटाळा आपल्याला येतो, मुलांना तेच गाणं परत हवं असतं. आठवड्याला एकच नवं गाणं घ्या. जुनी गाणी जाता-येता, हात धुताना, डबे उघडताना म्हणत राहा.

गाणं छोटं असावं, चार ओळींचं, आणि त्यात मुलांनी पाहिलेल्या गोष्टी असाव्यात. आजीकडून आलेली टाळ्यांची, बोटांची, चांदोमामाची पारंपरिक गाणी उत्तमच. नाही तर स्वतः रचा. पावसाळ्यात मी हे घेते:

आला पाऊस टप टप टप,
चिखलात पाय छप छप छप,
छत्री उघडा खट खट खट,
घरी चला पट पट पट.

सोमवारी फक्त तुम्ही म्हणा, दोन वेळा, अगदी सावकाश. मुलांना "म्हणा" असं सांगू नका, ऐकू द्या. मंगळवारी हातवारे आणा. बुधवारी ओळीचा शेवट सोडा. "चिखलात पाय..." एवढं म्हणून थांबा, तोंड उघडं ठेवा, भुवया वर करा. ही थांबायची जागा म्हणजे सगळ्या आठवड्याचा जीव. तीन-चार सेकंदांची शांतता नव्या शिक्षिकेला फार लांब वाटते आणि ती स्वतःच "छप छप" म्हणून टाकते. तसं करू नका. त्या शांततेतच मूल शब्द शोधत असतं. गुरुवारी हळू, जलद, कुजबुजत, मोठ्याने असं म्हणा. शुक्रवारी मुलांना बदलू द्या: चिखलाऐवजी काय? वाळू? मग आवाज कसला?

आवाजाच्या पट्टीबद्दल थोडं. आपण मोठी माणसं बहुतेक वेळा फार खालून सुरुवात करतो आणि मुलांचे गळे तिथपर्यंत पोचत नाहीत. मग ती गायच्या ऐवजी ओरडतात. आपल्या बोलण्याच्या आवाजापेक्षा थोडं वरून सुरू करा आणि चार-पाच स्वरांच्या बाहेर जाऊ नका. पेटी नसली तरी बिघडत नाही. ठेक्याला घुमट मिळालं तर मात्र जरूर आणा. मातीच्या भांड्याच्या एका तोंडावर ताणलेलं कातडं, दुसऱ्या तोंडावर तळहाताची उघडझाप. तो घुमणारा आवाज चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आरतीत मुलांनी ऐकलेला असतो. घरात कोणी वाजवणारं असेल तर त्यांना एक दिवस बोलवा. मुलं एरवी इतकी स्थिर बसलेली मी क्वचितच पाहिली आहेत.

तिसरं पाऊल: गाणं थांबवून बोलणं

गाण्यातून भाषा वाढते ती गाण्याभोवतीच्या बोलण्याने. आठवड्याच्या गाण्यातले दोन किंवा तीनच शब्द निवडा आणि ते हाताने धरता येतील असे समोर आणा. छत्री आणा, उघडा, मिटा, 'दांडा' आणि 'काडी' हे शब्द द्या. चिखल आणा. कपडे मळतील, मळू द्या. "चिखल कसा लागतो हाताला?" मुलं म्हणतात "घाण". तुम्ही म्हणा "हो, आणि गार, आणि लिबलिबीत". दुसऱ्या दिवशी एखादं मूल 'लिबलिबीत' हा शब्द केळ्यासाठी वापरतं. शब्द आपला झाल्याची खूण हीच.

चवथीच्या आधीचे पंधरा दिवस तर सोन्यासारखे. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला बांधायच्या फळांची, फुलांची, रानातल्या वेलींची नावं मुलांना घरीच ऐकू येत असतात: काकडी, तोरिंग, आंबाडे, सुपारीचा घड. यांतल्या जमतील त्या वस्तू वर्गात आणून दोरीला टांगा आणि सध्याच्या चालीत त्यांची नावं घाला. सत्तरीत अशी मुलं मी पाहिली आहेत ज्यांना रानातल्या गोष्टींची नावं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. त्या दिवशी शिकवायचं काम त्यांनाच देते.

मूल जे म्हणेल ते एक शब्द वाढवून परत द्यायचं, ही सवय लावून घ्या. ते म्हणालं "बेडूक", तर तुम्ही "हिरवा बेडूक!". ते म्हणालं "हिरवा बेडूक गेला", तर तुम्ही "हो, हिरवा बेडूक उडी मारून गेला". चूक दाखवायची नाही, फक्त पूर्ण रूप कानावर पडू द्यायचं.

चौथं पाऊल: टाळ्या, आणि 'चिमणी'चा घोटाळा

मुलांची नावं घेऊन सुरुवात करा, कारण स्वतःच्या नावाइतका जवळचा शब्द नाही. हजेरीच्या वेळी "कोण आलं, कोण आलं?" असं चालीवर विचारायचं आणि मुलाने टाळ्यांवर नाव सांगायचं. मी-रा, दोन टाळ्या. वे-दां-ती, तीन. ओम, एकच. एका टाळीचं नाव असलेलं मूल कधी कधी हिरमुसतं. त्याला सांगा की त्याची टाळी सगळ्यात जोरदार.

इथे एक अडचण हमखास येते. 'चिमणी'ला किती टाळ्या? पाटीवर लिहिलं तर चि-म-णी, तीन अक्षरं. आता तोंडाने म्हणा: चिम्-णी. दोनच. 'नारळ' लिहिताना तीन, बोलताना ना-रळ, दोन. 'भोपळा' तोंडात भोप्-ळा होतो, 'खेकडा' खेक्-डा. मराठीत लिहिलेला अ बोलताना पुष्कळ ठिकाणी गळतो, शब्दाच्या शेवटी तर नेहमीच्या बोलण्यात जवळजवळ सगळीकडे. आपण वाचायला शिकलेली माणसं डोळ्यांनी मोजतो. ज्याला अजून वाचता येत नाही ते मूल कानाने मोजतं आणि दोन टाळ्या वाजवतं. मग आपण म्हणतो, "चूक, तीन!" त्या क्षणी बरोबर ऐकणाऱ्या मुलाचा स्वतःच्या कानावरचा विश्वास उडतो. ही चूक मी अनेक वर्षं केली आणि मुलांच्या गोंधळलेल्या चेहऱ्यांचा अर्थ मला फार उशिरा लागला.

उपाय सोपा आहे. पहिले दोन-तीन महिने असेच शब्द घ्या ज्यांत कान आणि पाटी दोन्ही एकच आकडा सांगतात. दोन टाळ्यांचे: आंबा, काजू, होडी, मासा, केळी, वाटी. तीन टाळ्यांचे: माटोळी, पातोळी, आजोबा, बटाटा, कदंबा. चार टाळ्यांसाठी गाडीवाला आहेच, आणि तो शब्द मुलं दिवसभर म्हणत बसतात. गावांचा खेळही असाच. खुर्च्यांची कदंबा, म्हणजे गोव्याची सरकारी बस करायची. कंडक्टर गाव पुकारतो, प्रवाशांनी टाळ्या वाजवायच्या तरच बस हलते: केपे, सांगे, फोंडा, मग डिचोली, बांबोळी. पणजी, पेडणे, साखळी ही नावं सुरुवातीला ठेवू नका. ती तोंडात पण्-जी, पेड्-णे, साख्-ळी होतात.

मधेच एखाद्या मुलाने 'चिमणी'ला दोन टाळ्या वाजवल्या तर "बरोबर ऐकलंस" म्हणा. पुढे पहिलीत ते लिहायला शिकेल तेव्हा तिसरं अक्षर आपोआप दिसेल.

काही मुलांना टाळी आणि तोंड एकत्र चालवता येत नाही, टाळ्या नुसत्याच धावतात. त्यांना हनुवटीखाली तळहात आडवा धरायला सांगा. शब्द सावकाश म्हणताना हनुवटी जितक्यांदा हाताला टेकते तितके तुकडे. हा खेळ घरी नेऊन मुलं आजी-आजोबांची हनुवटी मोजतात.

पाचवं पाऊल: यमक

यमक ऐकू येणं म्हणजे शब्दाचा अर्थ क्षणभर बाजूला ठेवून त्याचा नुसता आवाज ऐकता येणं. लहान मुलासाठी ही मोठी झेप आहे. 'माड'सारखा शब्द कोणता असं विचारलं तर ते आधी "नारळ" म्हणतं, कारण त्याच्या डोक्यात माडाशेजारी नारळ असतो, 'झाड' नव्हे. म्हणून थेट प्रश्न विचारू नका, गाण्यातून आणा:

खेकडा खेकडा, चालतो वाकडा,
वाटेत मिळाला लाकडाचा तुकडा,
तुकड्यावर बसला,
गालात हसला.

आठवडाभर म्हणून झालं की एक दिवस गंभीर चेहऱ्याने चुकीचं म्हणा: "खेकडा खेकडा, चालतो सरळ!" वर्ग उसळतो. "नाही टीचर, वाकडा!" का नाही, विचारा. बहुतेक मुलं सांगतील की खेकडा सरळ चालतच नाही. हेही खरंच. पण त्यांतलं एखादं म्हणेल, "चांगलं नाही लागत." त्या मुलाला यमक ऐकू आलं.

नंतर वस्तूंच्या जोड्या करा. टोपलीत वाटी आणि पाटी, सूप आणि तूप, टाळ आणि माळ. गोव्यातल्या घरांत टेबलाला मेज म्हणतात, तेव्हा "मेजावर पेज" आयतंच मिळतं. मुलांनी निरर्थक शब्द बनवले, काजू-बाजू-टाजू-फाजू, तर थांबवू नका. अर्थ नसलेला शब्द जुळवायचा म्हणजे मूल निव्वळ आवाजावर काम करतंय, आणि आपल्याला तेच हवं आहे. इंग्लंडमध्ये पीटर ब्रायंट, लिनेट ब्रॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिसऱ्या वर्षी बडबडगीतं चांगली येणारी मुलं पुढे यमक ओळखण्यात आणि वाचण्यात पुढे दिसली. ती भाषा आणि लिपी वेगळी आहे, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावू नये. पण यमकाच्या खेळात कान तयार होतो हे मी वर्गात पाहिलं आहे.

सहावं पाऊल: शब्दाचा पहिला आवाज

हे पाच वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी, आणि थोडंच. "आज मला 'मा'ने सुरू होणाऱ्या वस्तू हव्यात" असं म्हणून मासा, माड, माती, मामा, माळ गोळा करायचे. पूर्ण 'मा' म्हणा, अर्धा 'म्' तोडून मागू नका. ते नंतरचं काम. भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवायचा मोह आवरा.

'च' आणि 'ज' घेताना सावध राहा. 'चाक' आणि 'चिमणी' पाटीवर एकाच अक्षराने सुरू होतात, पण तोंडात जीभ वेगवेगळ्या जागी लागते. 'जाळं' आणि 'जिरं' यांचंही तसंच. कानाच्या खेळात हे शब्द वेगळे ठेवा.

घरची भाषा

तुमच्या वर्गात मराठी बोलणाऱ्या घरांतली मुलं असतील, कोंकणी बोलणाऱ्या घरांतली असतील, आणि हल्ली कन्नड वा हिंदी बोलणाऱ्या घरांतलीही असतात. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात देवनागरीतली कोंकणी राजभाषा आहे आणि मराठीच्या वापरालाही जागा दिलेली आहे. मुलाला या कायद्याशी देणंघेणं नसतं. त्याला पाणी मागायचं असतं आणि त्याच्या तोंडात 'उदक' हा शब्द असतो. ते 'उदक' म्हणालं तर पाणी द्या आणि सहज म्हणा, "घे, हे पाणी." शब्द बदलून म्हणायला लावून मग पाणी देणं मला क्रूर वाटतं. २०२२ चा पायाभूत टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही तीन ते आठ वर्षांच्या मुलांना घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर देतो.

शिवाय दोन भाषा शेजारी असणं ध्वनिखेळासाठी वरदानच आहे. आंबा-आंबो, घोडा-घोडो, कावळा-कावळो: शेवटचा आवाज बदलला की शब्द एका घरातून दुसऱ्या घरात जातो. मुलांना हे ऐकवा, दोन्ही म्हणायला लावा. शेवटचा आवाज ऐकायचा असा सराव विकतच्या कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. पावसाच्या गाण्याची पहिली ओळ एक दिवस "पावस आयलो टप टप टप" अशी म्हणा. कन्नड बोलणाऱ्या आईला विचारून 'मळे' हा शब्द घाला. ज्या मुलाच्या घरचा शब्द वर्गात गायला जातो ते मूल त्या दिवशी तोंड उघडतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता नव्या मुलासाठी सगळ्यात आधी तेच करते.

वाड्यावरच्या आजींना बोलवा. चवथीच्या फुगडीची आणि पौषातल्या धालोची गाणी त्यांच्या तोंडी असतात. धालो हा बायकांचा नाच. त्यात मांडावर, म्हणजे नाचाच्या ठरलेल्या अंगणात, बायका समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहतात आणि ओळ एका रांगेकडून दुसऱ्या रांगेकडे जाते. वर्गातही तशाच दोन रांगा करा. एकटं गायला लाजणारं मूल रांगेत गातं.

गप्प राहणारं मूल

काही मुलं दोन-तीन महिने वर्गात अवाक्षर काढत नाहीत आणि घरी सगळी गाणी म्हणतात. नवी भाषा ऐकत असलेल्या मुलाच्या बाबतीत हे नेहमीचं आहे. त्यांना उभं करून म्हणायला लावू नका. ठेका धरायला करवंटी द्या.

पण काही खुणांकडे दुर्लक्ष करू नका. तीन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल, त्याचं बोलणं घरच्यांनाही कळत नसेल, पाठीमागून हाक मारली तर वळत नसेल, किंवा येत असलेले शब्द बोलायचं थांबलं असेल, तर आधी कान तपासून घ्यायला सांगा. पावसाळ्यात वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्याआड पाणी साठतं आणि काही आठवडे कमी ऐकू येतं. अशा मुलाला आपण "लक्ष देत नाही" म्हणून मोकळे होतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासायची असतात. पथक येईल तेव्हा अशा मुलांची नावं तयार ठेवा. तोवर थांबण्यासारखं नसेल तर जवळचं आरोग्य केंद्र किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचा कान-नाक-घसा विभाग आहे. पालकांशी हे एकांतात बोला, दाराशी चारचौघांत नको.

आई-बाबांना काय सांगायचं

"आमचा बाबू मोबाईलवर वीस गाणी बघतो" असं पालक कौतुकाने सांगतात. त्यांना दुखवू नका. मोबाईल थांबत नाही, एवढंच सांगा. "चिखलात पाय..." म्हणून तो मुलाच्या तोंडाकडे बघत नाही, मुलाच्या उत्तराप्रमाणे गाणं बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर दिवसाला एका तासापेक्षा जास्त वेळ नको, कमी तितका बरा, असं सांगितलं आहे. पण नुसतं "मोबाईल नको" म्हणून कोणी ऐकत नाही, म्हणून मी त्यांना करायला काहीतरी देते. आठवड्याचं गाणं कागदावर लिहून दप्तरात घालते आणि खाली एकच ओळ: "आंघोळीच्या वेळी म्हणा, शेवटचा शब्द बाळाला म्हणू द्या." आंघोळ रोज होते, आणि तिथे मोबाईल नसतो.

अ-आ-इ कधी, या प्रश्नाला माझं उत्तर असतं: "एकदा वर्गात येऊन बसा." बसलेली आई पडद्यामागचे आवाज ओळखायला लागते आणि पाटीचं विसरते.

वेळ किती आणि नोंद कशी

सकाळी पाच मिनिटं ऐकणं, मधल्या सुट्टीआधी दहा मिनिटं आठवड्याचं गाणं आणि गप्पा, घरी जाताना पाच मिनिटं टाळ्या किंवा यमक. सलग अर्धा तास बसवू नका.

परीक्षा घेऊ नका, पण एक वही ठेवा. प्रत्येक मुलाला एक पान. आठवड्यातून एकदा, मुलं गेल्यावर, त्याने काय ऐकलं, काय म्हटलं ते त्याच्याच शब्दांत लिहा. "छान प्रगती" असं लिहिलेलं पान सहा महिन्यांनी काहीच सांगत नाही. शब्द लिहिलेलं पान सांगतं.

'पाणी पाणी' म्हणणाऱ्या त्या मुलासाठी मी अशी वही ठेवली नव्हती. पुढच्या वर्षी त्याची धाकटी बहीण आली. जुलैपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, नुसती करवंट्या वाजवायची. तिच्या पानावर ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी मी लिहिलं आहे: "आज हातातली करवंटी उचलून म्हणाली, करवंटी... घंटी. मग माझ्याकडे बघून हसली."